माझी वाकडी मान

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, असं म्हणायला जाते आणि जीभ अडखळते. आता मला जीभ नाही, पण तेवढं समजून घ्या. माझं धड जुनं आहे. बाकी रंग नवा, तारा नव्या, खुंट्या नव्या, आवाज नवा आणि मानसुद्धा नवी. मग यातली जुनी मी कुठे, असं कुणी विचारलं तर सांगता येईल, पण त्याला जरा वेळ लागेल. तेव्हा मांडी घालून नीट बसा. मध्येच चुळबुळ केलेली मला खपत नाही.

आधी माझे अवयव सांगते, नाहीतर पुढे तुमचा गोंधळ उडायचा. खालचा रुंद भाग म्हणजे धड. त्याला वरच्या बाजूला एक खोबण असते. तीत लांब लाकडी मान बसते आणि मागून चार स्क्रू आवळले की झाली गिटार. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं मानेवर पुढून फिरतात आणि अंगठा पाठीमागे टेकतो. धडावर तारांखाली पिकअप नावाची चुंबकं असतात. ती तारांची थरथर पकडून वायरीतून मोठ्या स्पीकरकडे पाठवतात. वायर जोडली नसेल तर माझा आवाज डासाइतकाच, कितीही ओरडले तरी. मागे टेकणारा तो अंगठा मात्र लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

मी कारखान्यात जन्मले. रंगानं गडद लाल. तिथे आमचं कौतुक वगैरे काही नव्हतं. एका बाईनं माझ्यावर तारा चढवल्या, एकदा छेडून पाहिलं, ‘हूं’ म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. दुकानात मी वर्षभर काचेमागे उभी होते. एक दिवस दारं-खिडक्या बनवणारे एक सुतार त्यांच्या मुलीला घेऊन आत आले. तिला ते चिंगी म्हणत. चिंगीनं मला हातात घेतलं मात्र, दुकानदारानं तोंड वाकडं केलं. लहानपणी फळ्यांच्या ढिगावरून पडून तिचं डावं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण अंगठा अर्धाच वळायचा. माझ्या मानेला तो धड टेकेना.

“या हाताला गिटार जमायची नाही,” दुकानदार म्हणाला. “हिला पियानो-बियानो घेऊन द्या.”

चिंगीचे डोळे भरून आले. सुतारबाबांनी मला उलटं केलं, मानेवरून बोट फिरवलं, नखानं टकटक करून पाहिलं.

“हात काही बदलता येत नाही,” ते म्हणाले. “लाकूड बदलू. लाकूड माझ्या ओळखीचं आहे.”

मला तर घामच फुटला! पण बाबांनी घाई केली नाही. दर रविवारी ते मला कामाच्या टेबलावर घेत, तारा उतरवत, चार स्क्रू काढून मान वेगळी करत. फुटक्या काचेच्या धारेनं त्यांनी आधी तिच्या पाठीवरचा लॅकर, म्हणजे चकाकीचा थर, खरवडून काढला. मग कानशीनं अंगठ्याच्या बाजूचं लाकूड थोडंसं उतरवायचं, त्यावर बारीक पॉलिश पेपर मारायचा, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा सगळं जोडायचं आणि चिंगीच्या मांडीवर द्यायचं. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. कानस जास्त खोल गेली असती तर सगळंच संपलं असतं. म्हणून बाबा एका वेळी केसाएवढंच लाकूड काढत.

“आता?”

“अजून टोचतंय, बाबा.”

“टोचू दे. पुढच्या रविवारी बघू.”

असे नऊ रविवार गेले. नवव्या रविवारी चिंगीचा अर्धवट अंगठा मानेच्या पाठीवर गेला आणि स्वतःच्या घरी आल्यासारखा बसला. तिनं तीन सूर वाजवले, स्वच्छ. “बाबा!” एवढंच म्हणाली. बाबांनी तोंड फिरवलं आणि पेन्सिल कुठे गेली म्हणून शोधायला लागले. पेन्सिल त्यांच्या कानावरच होती.

ते दिवस मी कसे विसरू? चिंगी रोज संध्याकाळी वर्कशॉपमध्ये वाजवायची. बाबा करवत चालवता चालवता मध्येच थांबायचे आणि “तो मघाचा तुकडा परत” म्हणायचे. पुढे शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर तिनं बँड काढला. आमच्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली चार मैत्रिणींच्या घरची. पण टाळ्या शंभरांच्या वाजल्या, कारण बाबा एकटेच नव्वद जणांच्या वाजवत होते. वाजवताना चिंगीचा उजवा हात माझ्या धडावर घासून घासून लाल रंग उडाला आणि हाताच्या आकाराचं लाकूड उघडं पडलं. मला त्याचा फार अभिमान होता. दुसरी एखादी गिटार त्याला डाग म्हणाली असती.

मग चिंगी नर्सिंग शिकायला दूरच्या गावी निघाली. वसतिगृहाच्या खोलीत चौघी, तिथे माझी सोय कुठली? “हिला सांभाळा, सहा महिन्यांत येते,” असं बाबांना सांगून तिनं मला त्यांच्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवलं. बाबा रोज सकाळी मला बाहीनं पुसत. चौथ्या महिन्यात एका दुपारी ते रंधा हातात घेऊन स्टुलावर टेकले आणि पुन्हा उठलेच नाहीत.

चिंगी दोन दिवसांसाठी येऊन गेली म्हणे. वर्कशॉपकडे ती फिरकली नाही, तिला त्या दिवसांत कसलं भान असणार? जागा लगेच रिकामी करायची होती. तिच्या भावानं हत्यारं, फळ्या, अर्धवट खिडक्या आणि मी, सगळं एकदम जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं. त्याच्या लेखी ती अडगळ होती. मी वाट बघत होते की चिंगी धावत येईल आणि “अरे, ही कुठे नेताय?” म्हणेल. टेम्पो सुरू झाला तरी मी वाटच बघत होते.

जुन्या सामानाच्या दुकानात माझं एक तप गेलं. शेजारी एक बंद पडलेला कूलर होता. तो सारखा स्वतःच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगायचा. त्या गोष्टींवर मी काही बोलत नाही.

तिथून मला चष्मेवाल्यांनी आणलं. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि जुन्या गिटारी जमवून त्या हौसेनं नव्यासारख्या करायचा त्यांना नाद आहे. माणूस फार चांगला, हे मी आधीच सांगते. घरातली एक आख्खी खोली त्यांनी आम्हाला दिली आहे. भिंतीवर आम्ही सतराजणी. उन्हाला पडदा, धुळीला मऊ फडकं, दमटपणा मोजायला यंत्रसुद्धा. त्यांच्या बायकोच्या जिभेला मात्र धार आहे. “सतरा गिटारी आणि गाणं येतं एक,” ती पाहुण्यांना सांगते, “आणि तेही अर्धं.”

चष्मेवाल्यांचा दिवस काचेवरचा बारीकसा ओरखडा शोधण्यात जातो. त्यांना दोष लगेच दिसतो. त्यांनी माझ्या मानेला मोजपट्टी लावली, दोन्ही बाजू मोजल्या आणि हळहळले.

“अरेरे! कुठल्या आडदांडानं घासलीय ही? एका बाजूला पार उतरलीय बिचारी.”

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. पण वायर जोडलेली नव्हती.

मग त्यांनी मला दुरुस्त केलं. तीन दिवस पॉलिश पेपर मारून जुना रंग काढला. चिंगीच्या हाताची खूण पहिल्याच दिवशी गेली. मला आकाशी रंग दिला, आणि तो सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? पिकअप बदलले, खुंट्या चकचकीत आल्या. शेवटी बाहेरून मागवलेली महागडी, अगदी सरळ मान आली. ती जरा रुंद होती, म्हणून त्यांनी पटाशी घेऊन माझी खोबण दोन्हीकडून कोरली. जुनी मान त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली.

“आता ती तरी टाका,” बायको म्हणाली.

“असू दे गं. कधीतरी उपयोगी पडेल.”

सहा वर्षं मी भिंतीवरून त्या कप्प्याकडे बघत राहिले. येणारा प्रत्येक जण माझ्यापुढे थांबायचा. “वा! काय रंग आहे!” म्हणायचा. आम्हा सतराजणींत सगळ्यांत जास्त कौतुक माझं झालं आणि वाजवलं मात्र कुणीच नाही. नव्या मानेशी माझं भांडण नाही. ती गुणाची आहे, पण तिला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि मला सांगायचं होतं ते तिला कळलं नसतं. मला चिंगीचा अंगठा हवा होता, बाबांनी उतरवलेल्या त्या जागेवर. दुसरं काही नको होतं.

चष्मेवाल्यांनी आपल्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर माझे फोटो टाकले होते, ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे. ते टाकूनही पाच वर्षं झाली होती. एका शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर एक बाई उभी होती, खांद्याला पिशवी, केसांत थोडी चांदी. तिचा आवाज ऐकला आणि माझ्या सहाही तारा आतून ताठ झाल्या. चिंगी!

“तुमच्या एका गिटारीचा जुना फोटो परवा बघितला,” ती म्हणाली. “आधीचा. तेवढाच कुणीतरी मला पाठवला. त्यात मानेची पाठ दिसते. ती माझ्या बाबांनी घासली होती, माझ्या या अंगठ्यासाठी. मी कधीपासून शोधतेय.”

चष्मेवाले जागच्या जागी उभे राहिले.

चिंगी खोलीत आली. भिंतीकडे तिनं एका टोकापासून बघायला सुरुवात केली. पहिली, दुसरी, तिसरी. माझ्यापर्यंत आली. मी इथे आहे, मी म्हणत होते, मी, मीच! तिची नजर माझ्यावर क्षणभर टेकली आणि पुढच्या गिटारीवर गेली.

चष्मेवाल्यांनीच मला उतरवून तिच्या मांडीवर दिलं. अठरा वर्षांनी मी तिच्या मांडीवर होते. तिनं हात नव्या मानेवर ठेवला. अंगठा टेकेना. उजवा हात तिनं माझ्या धडावरून फिरवला, नेमका त्याच जागेवरून. तिथे गुळगुळीत आकाशी रंग होता.

“छान केलीय,” ती म्हणाली. परक्याच्या बाळाला म्हणतात तसं. मला तेव्हा रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

चष्मेवाल्यांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातलं वर्तमानपत्र सोडवलं. चिंगीनं मान हातात घेतली, डोळे मिटले आणि अंगठा पाठीवर ठेवला. बसला. ती खालीच बसली आणि मान पोटाशी धरून हुंदके देऊन रडली. चष्मेवाल्यांच्या बायकोनं पाणी आणलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मी आत्ता बसवून देतो,” चष्मेवाले म्हणाले. “चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. आख्खी गिटार घेऊन जा, ताई. तुमचीच आहे.”

त्यांनी माझी नवी मान काढली आणि जुनी खोबणीत ठेवली. मित्रांनो, ती माझ्यात आली! तोच वास, तेलाचा आणि लाकडाचा. मी तिला धरायला गेले आणि ती डुगडुगली. खोबण कोरून मोठी झाली होती ना. माझी स्वतःची मान मलाच धरवेना.

“दोन्हीकडून लाकडाच्या पट्ट्या चिकटवतो,” चष्मेवाले घाईघाईनं म्हणाले. “बसेल. पण सूर पूर्वीसारखा लागेल असं मात्र खात्रीनं नाही सांगत.”

चिंगीनं माझ्याकडे बघितलं. आता म्हणेल, चिकटवा. एवढं एकदा म्हण गं, मी मनात म्हणत होते.

“नको, काका,” ती म्हणाली. “हिच्यावर तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, ती तुमच्याकडेच शोभते. मला बाबांनी हात लावलेलं तेवढंच हवं होतं. धड काय, दुसरं मिळेल.”

आणि ती मान घेऊन गेली. जिन्यावरून तिची पावलं उतरताना मी ऐकली. ती भराभर उतरत होती, आनंदात असल्यासारखी.

“आधी विचारायचं तरी,” बायको म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात धार नव्हती.

“कुणाला विचारणार होतो?” चष्मेवाले म्हणाले. मग रिकाम्या वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, “शोधायला हवं होतं.” त्यानंतर आलेल्या एका गिटारीला त्यांनी अजून स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. ती आधी कुणाची होती, ते विचारत फिरताहेत.

चिंगीवर माझा राग नाही. माझ्यावर तिचं असं काही उरलंच नव्हतं, तर तिनं मला ओळखावं कशावरून? तुम्ही मात्र जुनी वस्तू हाती आली की लगेच फडकं आणि पॉलिश पेपर घेऊन धावू नका. जिथे झिजलंय, घासलंय, वाकडं झालंय, तिथे आधी आपला हात ठेवून बघा. तो कुणाचा तरी हात असू शकतो.

आणि माझं एक काम करा. कुठे एखादी वाकड्या मानेची गिटार दिसली तर तिच्या नव्या धडाला माझा निरोप सांगा. म्हणावं, गाणं संपलं तरी चिंगी लगेच उठत नाही. डोळे मिटून, हनुवटी तुझ्या खांद्यावर टेकून थोडा वेळ तशीच बसते. तेव्हा तू जराही हलू नकोस.