घड्याळजींच्या खणातले पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. घाबरू नका, माझ्यात गोळी नाही. पोलीस ठाण्याच्या कपाटात, गळ्यात चिठ्ठी अडकवून मी पडून आहे.

कारखान्यातल्या मिस्त्रींनी मला हातात तोलून "झकास बसलंय" म्हटले, तेवढेच माझे कौतुक. पुढे एका गल्लीत सराफाचे दुकान फुटले. धसका घेऊन शेजारच्या घड्याळजींनी परवाना काढला आणि मला आणले. त्यांच्या टेबलाच्या खणात, मोडक्या स्प्रिंगा आणि तुटक्या पट्ट्यांच्या संगतीत माझे दिवस जाऊ लागले.

घड्याळजी एकटे राहत. रोज संध्याकाळी त्यांची मोठी बहीण मागच्या दाराने डबा घेऊन येई. चपला बाहेर काढून अगदी मुकाट्याने येई, कारण भावाच्या चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग असे. तो दचकला की दिवसाचे काम पाण्यात.

जेवताना दोघांची माझ्यावरून जुंपायची.

"ताई, वर्षभरात गल्लीत चोरी झाली का? हे आल्यापासून चोर फिरकले नाहीत."

"अरे, दिवे लागले, गस्त सुरू झाली, ते कुठे गेलं? आणि तुझ्याकडे हे आहे, हे चोराला कसं कळलं? पाटी लावलीस का?"

वर्तमानपत्रातली एकच बातमी दोघे आपापल्या बाजूने वाचायचे. मला त्या भांडणात फार बरे वाटे. खणात तेवढीच सोबत होती.

मग एके दिवशी समोरच्या दुकानाचे कुलूप कोणीतरी तोडू पाहिले. त्या संध्याकाळी घड्याळजींनी मला भरून टेबलावर ठेवले आणि डोळ्याला भिंग लावून कामाला बसले. भिंगातून लांबचे सगळे पुसट दिसते. मागे काहीतरी हलले. मला उचलून ते गर्रकन वळले. दारात नुसती एक काळी आकृती होती.

"मी आहे रे."

त्यांचे बोट माझ्या चापावर होते. ते त्यांनी मागे घेतले. बहिणीने डबा खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हात कामात असले की घड्याळजी फोन स्पीकरवर ठेवत, म्हणून मलाही ऐकू आले.

"ताई, ये ना."

"येताना हाक मारू की नको, तेच कळत नाही रे आता."

त्यानंतर ते एकटेच जेवत. शेवटी घड्याळे पुसायच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मला इथे आणून दिले.

"चोऱ्या थांबल्या वाटतं?" हवालदारांनी विचारले.

"ते माहीत नाही. ताई यायची थांबली."

मित्रांनो, चोर माझ्यामुळे थांबले की दिव्यांमुळे, मला आजही सांगता येणार नाही. मोठे झाल्यावर तुम्ही त्यावर खुशाल वाद घाला. फक्त मला घरात आणण्याआधी, त्या घरात हाक न मारता कोण कोण येते, ते एकदा आठवा.

ती पुन्हा डबा घेऊन गेली का, हे मला सांगायला इथे कोणी येत नाही.