मिठाने धुतलेले कुंड

मित्रांनो, जमिनीत रुतलेला आणि दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला हा पांढरा दगड पाहून तुम्ही मला हौद म्हणाल. इथले मेंढपाळही तसेच म्हणतात. पण मी बाप्तिस्म्याचे कुंड आहे. उत्तर आफ्रिकेतल्या नुमिदियाच्या डोंगरउतारावर, ऑलिव्हच्या बागांच्या वरच्या अंगाला एक गाव होते. त्या गावच्या चर्चमध्ये मी घडलो. माणसे एका बाजूने माझ्यात उतरत. पाण्यात त्यांच्यावर पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाव घेतले जाई. मग ती दुसऱ्या बाजूने वर येत आणि त्यांच्या हाती दूध आणि मध दिले जाई.

मला घडवून घेतले ते याजक सातुर्निन यांनी. म्हाताऱ्यांचे पाय सोलवटू नयेत म्हणून त्यांनी माझ्या पायऱ्यांच्या कडा पुन्हा पुन्हा घासून घेतल्या. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, पण कोणी ती बोलून दाखवत नसे. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात रोमच्या सम्राटाचे शिपाई पवित्र पोथ्या मागायला आले होते. शेजारच्या गावच्या याजकाने नकार दिला आणि जीव गमावला. सातुर्निन यांनी पोथ्या काढून दिल्या, आणि त्या चौकात जळताना उभे राहून पाहिल्या. छळ संपल्यावर ते मंडळीपुढे गुडघे टेकून रडले. त्यांनी उपास केले, आणि गावाने त्यांना परत आपले मानले.

मुस्तेला नावाची एक तरुण बाई होती. तिचा नवरा इदिबाल तेलाच्या घाण्यावर काम करी. एका दुपारी ती आपले तान्हे पोर, मिग्गिन, छातीशी धरून धावत आली. पोर तापाने फणफणले होते. सातुर्निन यांनी ओंजळीने पाणी घातले आणि नाव घेतले. पाणी डोंगरातल्या झऱ्याचे, गार. पोराने एक किंकाळी फोडली. दिवे लागायच्या आत ते गेले. चर्चच्या भिंतीलगत त्याला पुरले.

ती किंकाळी माझ्या दगडात शिरली, मित्रांनो. त्यानंतर सणासाठी मला भरू लागले, की पाण्याच्या आवाजाआधी ती यायची. बाकी कुणाला ऐकू येत नसे. फक्त मुस्तेला काठाशी उभी असली, की मान किंचित कलती करी.

पुढे आफ्रिकेतल्या ख्रिस्ती मंडळीत फूट पडली. पोथ्या देणाऱ्याच्या हातात पवित्र आत्मा उरतो का, हा प्रश्न होता. बिशप त्यावर भांडत होते, ग्रंथ लिहीत होते. आमच्या गावात तो प्रश्न उर्बिकुस या नावाने आला. कठोर पक्षाचा हा बिशप, वागायला सरळ, हसायला महाग. शेजारच्या गावी जीव गमावलेला तो याजक त्याचा थोरला भाऊ होता.

त्याच्या माणसांनी चर्चच्या भिंती मिठाच्या पाण्याने धुतल्या. मग खडेमीठ घेऊन मला घासले. सातुर्निन यांनी जिथे जिथे हात लावला होता तो प्रत्येक कोपरा घासला. माझ्या भेगांत मीठ बसले. सातुर्निन डोंगरात निघून गेले. उर्बिकुसने गावाला सांगितले, की त्या माणसाच्या हातून झाला तो बाप्तिस्मा नव्हताच, ती नुसती आंघोळ होती. ईस्टरला सर्वांनी पुन्हा पाण्यात उतरावे.

सणाआधी इदिबाल बायकोला माझ्या काठाशी घेऊन आला. त्याने हरप्रकारे समजावले. धाकट्या मुलीचे, लुकिलाचे, लग्न व्हायचे होते, घाण्याचा मालक उर्बिकुसच्या पक्षाचा होता.

"एकदाच तर पाण्यात उतरायचं," तो म्हणाला. "तेवढ्यानं काय बिघडतंय?"

"मी उतरले, की मिग्गिनचीही नुसती आंघोळच ठरते. मग तो देवाच्या घराबाहेर पडतो."

"तो गेला गं."

"गेला कुठं, तेच तर हे लोक ठरवतायत."

इदिबाल घाण्याकडे परतला. मुस्तेलाने मात्र डोंगरात माणूस धाडला. गाव ऑलिव्ह झोडपायला गेले असताना सातुर्निन खाली आले. त्यांची दाढी वाढली होती, पाय फुटले होते. माझ्याकडे ते बघेनात. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

"खरं सांगा, बाबा. माझ्या पोराला तुम्ही काय दिलंत?"

"मी काय देणार, पोरी? माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. तुझं पोर हातात आलं, तेव्हाही मला त्या पोथ्यांचा जळका वास येत होता. मी फक्त नाव घेतलं. ते नाव तेवढं माझं नव्हतं."

"मग ते लागू पडलं?"

"माझं असतं, तर पडलं नसतं."

तिने त्यांना भाकरी आणि ऑलिव्ह बांधून दिले. ते पुन्हा गावात दिसले नाहीत.

ईस्टरच्या पहाटे मला भरले. किंकाळी आली. लोक उतरले, वर आले. इदिबाल उतरला, लुकिला उतरली. मुस्तेला वरच्या पायरीवरच थांबली. उर्बिकुस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने हात पुढे केला. तिने घेतला नाही. तो हळू आवाजात बोलला. माझ्याशिवाय कुणाला ते ऐकू गेले असेल असे वाटत नाही.

"तुझ्या लेकराचं मला काही नाही, असं समजू नकोस. पण माझा भाऊ ज्या पोथ्यांपायी मेला, त्या देणाऱ्याचा हात आणि भावाचा हात मी एकच म्हणू?"

"तुमच्या भावाचाच हात मोठा, बाबा," मुस्तेला म्हणाली. "पण माझ्या पोरावर हाताचं नाव घेतलं नव्हतं."

उर्बिकुस पाण्याकडे पाहत राहिला. मग मोठ्याने जाहीर करून त्याने तिला प्रभूच्या मेजावरून, म्हणजे मंडळीतून, बाहेर काढले. ती ओल्या फरशीवरून चालत बाहेर गेली. त्यानंतर दर ईस्टरला ती दाराबाहेर उभी राही, मान तशीच कलती करून. लुकिलाचे लग्न झाले, मुले झाली. मुस्तेला आजी झाली तरी आत आली नाही. ती मेली तेव्हा तिला भिंतीलगत जागा मिळाली नाही. रस्त्याच्या कडेला पुरले.

माणसांच्या दोन-तीन पिढ्या वाद घालत राहिल्या. शेवटी कार्थेज शहरात दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर जमले. निकाल लागला तो आमच्या गावाला वाचून दाखवला गेला. बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, तो ख्रिस्ताचा असतो. हात कसाही असो, तो पुन्हा द्यायचा नाही. मी ऐकत होतो. हे सगळे मी आधी ऐकले होते.

पण निकालाबरोबर सम्राटाचे शिपाईही आले होते; सम्राट आता ख्रिस्ती होता. उर्बिकुस केव्हाच मरून गेला होता. त्याच्या पक्षाची माणसे चर्चमध्ये लपली होती. शिपायांनी एका म्हाताऱ्याला दाढीला धरून माझ्या पायऱ्यांवरून फरफटत नेले. तो कण्हत होता. कडा गोल होत्या, तरी त्याचे गुडघे फुटले.

त्या गर्दीत लुकिलाची मुलगी रोगातियाना होती, स्वतःच आता म्हातारी. ती नव्या याजकापाशी गेली.

"म्हणजे माझ्या आजीचं खरं होतं?"

याजकाने आनंदाने हो म्हटले.

"मग तिला बाहेर का ठेवलं होतं?"

"ते आम्ही नव्हे, बाई. ते या लोकांनी."

"आणि या म्हाताऱ्याला आज कोण बाहेर काढतंय?"

मग तिने आजीसाठी भिंतीलगत जागा मागितली, आणि याजकाने ती दिली. तिने रस्त्याकडेची जागा खणून आजीची हाडे काढली, चादरीत बांधली आणि भिंतीलगत मिग्गिनच्या शेजारी पुरली. पुढच्या ईस्टरला मला भरले तेव्हा मला वाटले, आता शांत होईल. किंकाळी तशीच आली, आणि तिच्यामागून त्या म्हाताऱ्याचे कण्हणे आले.

नंतर समुद्रापलीकडून वेगळेच राज्यकर्ते आले. पुत्र ख्रिस्त हा देवपित्याहून कमी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनीही लोकांना माझ्यात पुन्हा उतरवले, काहींना हात मागे बांधून. तेही आवाज माझ्यात आहेत. मग तेही गेले, झरा आटला, गाव रिकामे झाले. भिंती पडल्या. थंडीत मेंढपाळ माझ्यात शेकोटी करतात, शेळ्या माझ्या भेगांतले मीठ चाटतात. त्यांचा मला राग नाही.

एवढेच मागतो, मित्रांनो. कधी इकडे आलात तर माझ्यात कचरा टाकू नका, आणि काठावर उभे राहून कोणाचे खरे होते म्हणून भांडू नका. वाद जरूर घाला. वादावाचून माणसाला काही उमगत नाही, हे मी पाहिले आहे. पण देवाबद्दल बोलताना आवाज थोडा खाली ठेवा. ऐकणाऱ्यांत ज्याचे कोणी मेले आहे, असा एक जण नेहमीच असतो.