टिचकी मारायची नाही

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला धीर कसला तो ठाऊक नव्हता. पंप अडला? हाण दोन टोले! निम्मे तर तेवढ्यावरच चालू व्हायचे.

पण इथे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अडत होती त्याची स्वतःची पोरगी. सात आठवडे आधीच टपकलेली, ओंजळीत मावेल एवढी. झोपेत श्वास घ्यायचाच विसरायची. मग सिस्टर तळपायाला हलकी टिचकी मारायची, की बाईसाहेब दचकून परत सुरू.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "पाच दिवस टिचकीशिवाय काढू दे. मग खुशाल घरी न्या."

गेल्या आठवड्यात चार दिवस झालेही होते. पोरगी जराशी थांबली न थांबली, तोच मिस्त्रीने पाळण्यात हात घालून मारली टिचकी!

"झालं समाधान?" सिस्टर कडाडली. "ती आपली आपण घेणार होती की नाही, आता कसं कळणार? मोजा पुन्हा एकपासून."

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा मुकी होती ते बरं होतं.

आज परत पाचवा दिवस. दुपारी चारला मुदत संपणार, आणि साडेतीनला पोरीची छाती हलायची थांबली.

मिस्त्री उठलाच. बायकोने त्याचं मनगट धरलं.

"हात मागे!" सिस्टर म्हणाली. तिचं बोट मात्र तळपायाशी तयार होतं. "वीस सेकंदांच्या आत तिने स्वतः श्वास घेतला तर चालतो. मी आहे ना इथे."

"अहो, पण निळी पडतेय..."

"निळे तुम्हीच पडलाय. ती गुलाबीच आहे. आठ... नऊ..."

"सोडू नकोस गं मला," मिस्त्री बायकोला म्हणाला.

"बारा... तेरा..."

पोरीची हनुवटी थरथरली. नाक मुरडलं. आणि तिने असा खच्चून श्वास ओढला, की छातीवरची मॉनिटरची वायर उडाली.

"बापाच्या मदतीवाचून!" बायको रडत रडत हसली.

चारला डॉक्टरीणबाईंनी घरी सोडायच्या कागदावर सही केली. मिस्त्रीही आपली सही करायला खिशातलं पेन काढायला गेला, तर मनगट सुटेना.

"अगं, आता तरी सोड."

"घरी गेल्यावर बघू," बायको म्हणाली.