डावीकडचा उजवा आर्म

खेळण्यातल्या गाडीचं पुढचं चाक धरणाऱ्या आर्मच्या पोटाशी, प्लास्टिकमध्येच उठवलेलं, तिळाएवढं इंग्रजी अक्षर होतं. आर. गरिमानं बाबांचं भिंग धरून पुन्हा पाहिलं. आरच. म्हणजे उजव्या चाकाचा आर्म, आणि तो डावीकडे बसवलेला होता. पिन सरकू नये म्हणून लावायची बारीक क्लिपसुद्धा नीट दाबलेली, शंकेला जागाच न ठेवता.

हे बाबांनी केलेलं नसणार.

रिमोटवर पळणारी ही रेसची गाडी त्यांनी हिवाळ्यात मागवली होती. पुढचं सस्पेन्शन अर्धं जोडून झालं आणि ते गेले. तेरावा उरकल्यावर टेबल आवरता आवरता तिला वाटलं, उरलेली बाजू आपणच जोडून टाकावी. पण पाकिटात उरलेला आर्म डावा होता... लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं ना : आधी दोन्ही आर्म उताणे मांडायचे, अक्षरं वर, आणि मोठ्यानं म्हणायचं, हा डावा, हा उजवा. ती हसली तर रागवायचे. संकल्प सोडावा तसे गंभीर होऊन म्हणायचे स्वतः.

मग हेमेंद्रकाकाचंच काम. बाबांबरोबर मेला ग्राउंडवर गाड्या पळवणारा हा एकच मित्र, आणि तेराव्याला, पान वाढलेलं असताना, हळूच म्हणाला होता, “बेटा, ती गाडी मला देऊन टाक. अधुरी आहे तर अधुरीच दे.” अधुरी गाडी कुणी का मागावी? काहीतरी बिघडवून ठेवलेला माणूसच मागेल.

आई चहा घेऊन आली.

“आई, हेमेंद्रकाका इथं बसून गाडी जोडायचे का गं?”

“त्याला हात लावू देतील तुझे बाबा? तो आला की डब्याला झाकण. म्हणायचे, ‘हेमेंद्र, तू स्कूटरचा आरसा उलटा लावून बिर्ला नगरपर्यंत गेलेला माणूस, दूर बस.’” आई हसली. मग तिची नजर गाडीवर गेली आणि हसू थांबलं. “का? काय झालं?”

“काही नाही.”

“पी ना मग, ठंडी होऊन राहिली आहे चाय.”

ती आत गेली. जरा घाईनंच गेली... की मलाच तसं वाटतंय?

म्हणजे बाबांनीच, डावं-उजवं विसरून. हेमेंद्रकाकाला ते ठाऊक होतं, म्हणून तो गाडी न्यायला बघत होता, मी उलटी करून पाहण्याआधी. आणि आईला? मी इंदूरहून फोन करायची तेव्हा नेहमी आईच उचलायची, आणि बाबांच्या हातात देताना ओरडून म्हणायची, “गरिमाचा फोन आहे हो, गरिमाचा!” त्यांना कमी ऐकू येतं म्हणून, अशी माझी समजूत. पण टीव्ही तर ते बारीक आवाजात बघायचे. मग त्यांचं ठरलेलं, “बोल गरिमा, बरी आहेस?” नाव आईनं आत्ताच हातात ठेवलेलं, अजून गरम. त्यानंतर हवापाणी, एवढंच. आम्ही दोघं कधी फार बोललोच नाही एकमेकांशी.

एकदाच... संक्रांतीच्या सुमाराला, आई हळदीकुंकवाला गेलेली आणि फोन त्यांनीच उचलला. किती बोलले! गाडी हातात उचलली की आर्म आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे, अडकला तर पिन घासायची. म्हणाले, माझ्या वडिलांनी मला सायकलला हात लावू दिला नाही, म्हणून म्हातारपणीही हे खेळ. आणि मग, मुलगी माझी फार हुशार आहे, पण तिच्यापुढं बोलताना माझी जीभ जड होते. मला वाटलं होतं, थट्टा करतायत. मुलीलाच मुलीची तक्रार सांगायची, ही त्यांची मोकळं होण्याची तऱ्हा. त्या रात्री मी किती आनंदात झोपले होते.

गरिमानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो फोन ती आता पहिल्यापासून आठवू लागली, एकेक वाक्य उलटून बघत, कुठं तरी आपलं नाव सापडतंय का, आपण कुणाशी बोलतोय हे त्यांना ठाऊक होतं का. आणि अर्ध्यावर येऊन थबकली, कारण आयुष्यात एकदाच ते तिच्याशी एवढं बोलले होते, आणि नाव सापडलं काय, न सापडलं काय, दोन्हींपैकी कशाची भीती वाटतेय हे तिचं तिलाच कळेना.