अप्पांनी केलेली खजुराची ढेप

मुरूम गावच्या महालिंगप्पांची गुळाची आडत. गुळाचा खडा जिभेवर ठेवला, की गुऱ्हाळाचं नाव सांगणारा माणूस. आणि नेमकी त्यालाच शुगर निघाली! दैवाला काही अक्कल? तेव्हापासून मठाच्या पंगतीत खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर आली, की वाढपी "अप्पांना न्हाय!" असं ओरडून पुढं जायचा. गोड सुटल्याचं अप्पांनी सोसलं होतं. आपल्याला ओलांडून जातात, हे मात्र लई लागायचं.

सुनेनं, शिवलीलानं, ते ओळखलं. डॉक्टरांना विचारून आली. "खजूरबी गोडच, पण गुळाऐवजी तो घातलेली एक पळी हुग्गी चालंल म्हणाले." श्रावणी सोमवारी तिनं खजूर भिजवला, कुस्करून फडक्यातून गाळला आणि रस मंद आचेवर ठेवला. "अप्पा, मधासारखा झाला की उतरवा. मी गिरणीतून आलेच."

मधासारखा? म्हणजे काकवीच की! ढेपांचा व्यापारी काकवीवर थांबतो होय? अप्पांनी गॅस मोठा केला. पाण्यात थेंब टाकून गोळी होते का पाहिलं. होईना. आणखी आटवला. खजुराला काय ठाऊक, आपण कुणाच्या हाती पडलोय ते!

शिवलीला परतली तेव्हा घरभर धूर, आणि अप्पा उलथन्यानं पातेलं खरवडत होते. आत काळी ठिक्कर ढेप.

"जन्मभर गूळ विकला," शरणम्मा नवऱ्यावर कडाडल्या, "कधी केला होता का?"

एवढ्यात मठात पंगतीची घंटा झाली. दुसरा खजूर भिजवायला वेळ कुठला? शिवलीलानं बत्त्यानं ढेप फोडली, गरम पाण्यात विरघळवली आणि सकाळीच शिजवून ठेवलेल्या बिनगुळाच्या हुग्गीत कालवून डबा भरला. "कडू लागंल, अप्पा."

"लागू दे."

पंगतीत तिनं दया येऊन अर्धीच पळी वाढली. अप्पांनी ऐटीत घास घेतला आणि त्यांचं तोंड जागच्या जागी थांबलं. ह्यापरीस कडुलिंब बरा! पण मठात ताटात शीत टाकायचं नाही; ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्रसाद म्हणून प्यायचं. अप्पांनी डोळे मिटून सगळं गिळलं, ताट धुतलं, पाणी प्याले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय ही भक्ती!" स्वामीजी गहिवरले. "वाढा त्यांना अजून."

"नको, स्वामीजी!" सासऱ्याला सोडवायला शिवलीला धावली. "त्यांना शुगर हाय."

ते ऐकून वाढप्यानं बादली उचलली. "अप्पांना न्हाय!" असं म्हणून तो पुढच्या ताटाकडं वळला.

अप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. धुतलेलं ताट त्यांनी सुनेपुढं धरलं.

"डॉक्टरनं एक पळी सांगितलीय. अर्धी ऱ्हायली की माझी!" ते गरजले. "वाढ, पोरी. आन् जरा उंचावरनं वाढ, समद्या पंगतीला दिसू दे."