वळलेल्या पाकळ्या

विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेच्या खोलीत ताटाएवढं उथळ पात्र होतं. त्यातल्या पाण्यावर ती द्रावणाचा एक थेंब अलगद सोडायची. द्रावक उडून जायचा आणि मागे राहिलेले रेणू आपले आपण खेटून उभे राहायचे, आणि जेमतेम एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा धरायचा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की त्यात फुलं उमललेली दिसायची, वळलेल्या पाकळ्यांची. तशी फुलं आजवर कुणी पाहिलीच नव्हती. बाबा येईल-जाईल त्याला सांगत सुटायचे, "आमची लेक पाण्यावरची साय काढते!" तिचे मार्गदर्शक सर तर हरखून गेले होते. त्या फुलांवर दोघांचा लेख एका शोधनियतकालिकात छापून आला, सरांनी परिषदा गाजवल्या. तिच्या प्रबंधाची सगळी भिस्तही या फुलांवरच.

मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा गळका पाइप बदलला, आणि फुलं यायची थांबली. तिने पात्र घासलं, द्रावण नवं केलं, हातमोजेसुद्धा बदलले. पापुद्रा धरायचा, पण सपाट, नुसताच करडा. शेवटी भंगारातून जुन्या पाइपचा तुकडा शोधून तिने तो पाण्यात भिजत ठेवला, आणि ते पाणी पात्रात ओतलं. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर भराभरा फुलं उमलली. म्हणजे त्या पाकळ्या तिच्या रेणूंच्या नव्हत्याच; त्या पाइपातून पाझरणाऱ्या कसल्याशा घाणीने घडवल्या होत्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग जुनाच पाइप बसवून घे. प्रबंध होऊ दे, पुढचं पुढे बघू."

"सर, ते खोटं होईल."

"खोटं काय त्यात? दिसलं ते छापलं."

"पण आता कळलंय ना."

सर उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं.

तिने नियतकालिकाला कळवलं. लेख मागे घेतला गेला. सरांनी बोलणं टाकलं; सोबतचे विद्यार्थी जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागले. आपण बरोबर वागलो, असं कितीही घोकलं तरी जिवाला आधार वाटेना. नवं काही सुरू करावं म्हणून पात्रासमोर बसली, तर हातच उचलेना.

खोलीची किल्ली परत देऊन ती घरी आली. आईने पाणी पुढे केलं. बाबा म्हणाले, "अगं, निदान खरं तरी बोललीस."

"हो. पण बाबा, मला ती फुलं फार आवडायची."

आणि ती हमसून हमसून रडली. बाबा नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले. रडू थांबलं, तरी ती उठली नाही.