पंपघरातले दोन बाण

वरून आलेली प्रत्येक गोष्ट हितकारकच असते, असे थोर माणसे सांगतात. मी एका रुग्णालयाच्या पंपघरातला जुना पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, आणि वरून येणाऱ्याला अडवण्याचाच मला पगार मिळतो. पगार म्हणजे वर्षाकाठी एकदा साफसफाई. तीही कुणाला आठवलीच तर.

मित्रांनो, माझे काम सोपे आहे. माझ्या पोटात एक झडप लोंबते. पंपाने पाणी ढकलले की ती उघडते आणि पाणी गच्चीवरच्या टाकीकडे चढते. पंप थांबला की तेच पाणी माघारी यायला बघते, आणि आपल्याच भाराने दार लावून घेते. कुठून कुठे जायचे, हे सांगणारा बाण माझ्या अंगावर ओतकामातच उठवला आहे. तो पुसता येत नाही.

मला सांभाळतात त्या पंपवाल्या मावशी. झडप जरा अडखळली तरी त्यांना दारातूनच कळते. पंपघराच्या भिंतीवर एक कर्णा आहे. त्यातून कार्यालय बोलते. इथले बोलणे वर जायची सोय नाही. तरी मावशी उत्तर देतातच.

"पंप सुरू करा," कर्णा म्हणतो.

"केलाय रे बाबा, अर्धा तास झाला!" मावशी म्हणतात.

"पंप सुरू करा," कर्णा म्हणतो.

एकदा मोटार जळाली. दुरुस्त होऊन आल्यावर कार्यालयातल्या साहेबांच्या मेहुण्याने ती जोडली आणि चहा पिऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी टाकीत करंगळीएवढी धार पडू लागली. चौथ्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात, बादल्यांची रांग लागली. माझी झडपही जेमतेम किलकिली होत होती.

मावशींनी मोटारीच्या पंख्याकडे पाहिले, मग पंपावर रंगवलेल्या बाणाकडे. "अगं बाई! ही तर उलटी फिरतेय!"

मित्रांनो, उलटा फिरणारा पंप पाणी मागे नेत नाही. पुढेच ढकलतो, पण त्यात जीव नसतो. मावशींनी चिठ्ठी लिहून वर पाठवली: मोटार बाणाच्या उलट फिरते.

तासाभराने रंगारी आला आणि बाण उलटा रंगवून गेला.

पाणी काही वाढले नाही. मग साहेब स्वतः खाली उतरले. त्यांनी ओला बाण पाहिला, मला पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याचा बाण वेगळ्याच दिशेला कसा?"

"साहेब, तो बाण मोटार फिरायचा, हा पाणी जायचा. दोघांचा काही संबंध नाही हो."

"मावशी, मला शिकवू नका. याला फिरवा. उद्या सकाळी टाकी भरली नाही, तर तुमची बदली दफ्तरखान्यात."

मावशींचा चेहरा उतरला. दफ्तरखान्यात ऐकण्यासारखे काहीच नसते. त्यांनी मला पाइपातून सोडवले, उलटा बसवला आणि पुटपुटल्या, "माफ कर हो राजा."

मी माझे काम चोख केले. पंपाचे पाणी येताच दार घट्ट लावले. संध्याकाळपर्यंत करंगळीएवढी धारही बंद झाली. साहेब धावत आले ते तोंडाला साबण लावलेले.

"मावशी, आता काय करायचं?"

त्या खोलीत वरून आलेला हा पहिला प्रश्न.

मावशींनी वीज बंद केली आणि फ्यूज काढून खिशात टाकले. मोटारीला तीन वायरी येतात. त्यातल्या कुठल्याही दोन वायरींच्या जागा आपसांत बदलल्या की मोटार दिशा बदलते. मावशींनी दोन बदलल्या, मला सरळ बसवले आणि खटका दाबला. झडप अशी उघडली, की मला माझे तरुणपण आठवले. वीस मिनिटांत चौथ्या मजल्यावरून नळ वाजल्याचा आवाज आला. एवढे नेमके हात मी जन्मात पाहिले नाहीत.

मित्रांनो, यंत्राजवळ राहणाऱ्या माणसाने "हे उलटं फिरतंय" म्हटले, तर आधी यंत्र बघा. रंगाचा डबा नंतर उघडा.

मावशींची बदली रद्द झाली. कागदावर कारण लिहिले आहे: दफ्तरखान्यात खुर्ची शिल्लक नाही.